बरणीतलं हिरवं पान

आमच्या उमापूरच्या घरात कुणी चालत नसलं तरी कुणीतरी चाललंय असंच वाटायचं. आम्ही गुरव. गावाबाहेरच्या महादेवाची पूजा आबांकडे, आणि पंचक्रोशीतल्या लग्नकार्याच्या पत्रावळी आमच्या घरातून जायच्या. माजघरात, पडवीत, माळवदावर, जिथं बघावं तिथं पळसाच्या वाळल्या पानांचे गठ्ठे. जरा वारा सुटला की ते सळसळायचे, आणि नवखा पाहुणा हमखास दाराकडे बघायचा. माय हसून म्हणायची, "बसा बसा, पानंच हायती." पुढं एक वर्ष असं आलं की पानं सळसळली की आम्हीच दाराकडे बघायला लागलो, आणि हसायचं कुणाला सुचेना. त्याच वर्षाचं मला सांगायचंय. बाकीचं आयुष्य चारचौघींसारखं गेलं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

माझा थोरला भाऊ भानूदादा. उमापुरातून समुद्र शिकायला गेलेला पहिला आणि माझ्या माहितीत शेवटचा माणूस. कोकणातल्या एका कॉलेजात तो समुद्रातले बारके जीव शिकत होता. गाव आबांना विचारायचं, "मासे धरायला पोरगं एवढ्या लांब कावून धाडलं बे?" आबा पत्रावळीत चोय जरा जोरात टोचायचे. चोय म्हणजे ज्वारीच्या धाटाची बारीक काडी, पान पानाला टाचायची. माय मात्र विचारेल त्याला छाती पुढं काढून सांगायची, "माझं लेकरू समिंद्राचं मास्तर होणार हाय." समुद्र तिनं कधी बघितला नव्हता. गोदावरीला पूर आला की तेवढाच काय तो.

त्या दिवाळीला दादा आला तो एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन, आणि काखेत फडक्यात गुंडाळलेली काचेची बरणी. एसटीत ती बरणी त्यानं मांडीवरून खाली ठेवली नव्हती म्हणे. मायनं त्याच्यासाठी धपाटे थापायला घेतले होते, तव्यावर तेल चुरचुरत होतं, घरभर लसणाचा आणि ओव्याचा वास. आणि हा पठ्ठ्या धपाट्याकडे न बघता बरणी घेऊन अंगणात उन्हात बसला. "शके, इकडं ये. ह्याच्यात बघ." मी बघितलं. पाणी, शेवाळाचा एक झुबका, आणि त्यावर एक हिरवं पान. चिंचोक्यापेक्षा थोडं मोठं, कडा मुडपलेल्या. मग ते पान चाललं. मी किंचाळलेच. पुढच्या बाजूला दोन इवलीशी शिंगं होती, आणि ती वर करून ते माझ्याकडे बघत असल्यासारखं थांबलं.

"गोगलगाय हाय ही," दादा म्हणाला, "समुद्रातली. शंख नसलेली." गोगलगाय म्हटल्यावर मी उठले आणि सरळ चुलीकडे धावले. पावसाळ्यात भिंतीवर गोगलगाय दिसली की चिमूटभर मीठ टाकायचं आणि ती विरघळताना बघायची, हा आम्हा पोरींचा खेळ. मी मीठ घेऊन आले तर दादा हसून हसून लोळायला लागला. "अगं येडे, हिला मिठाची भीती दावती व्हय? ही मिठातच जन्मली, मिठातच ऱ्हाती!" मग त्यानं आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं. हा जीव शेवाळाला तोंड लावून त्याचा रस ओढतो. पण रसातला हिरवा रंग पचवत नाही, तो तसाच अंगात साठवतो. आणि एकदा अंग हिरवं झालं की झाडाचं पान जसं उन्हावर जगतं, तसा हाही पुष्कळ दिवस नुसत्या उन्हावर जगू शकतो. तोंडात काही नाही, तरी जिवंत. "आणि बरं का माय, हे नर बी आन् मादी बी. दोन्ही एकातच." मायनं पदर तोंडाला लावला. आबा मात्र पहिल्यांदाच बरणीवर वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, "मंग आपल्या महादेवासारखंच की." त्या दिवसापासून बरणी घरात मानाची झाली. आम्ही त्याला पानच म्हणायला लागलो.

सुट्टीभर दादा सकाळी आबांबरोबर माळावर जाऊन पळसाची पानं काढून आणायचा आणि दुपारी बरणीसमोर बसायचा. जाताना बरणी त्यानं माझ्या हवाली केली. "तिकडं माझ्या खोलीत ऊन येत न्हाई. आपल्याकडं ऊन हाय, दुसरं हाय काय?" हे नुसत्या उन्हावर किती दिवस जगतं ते त्याला बघायचं होतं. त्यानं बरणीला पाण्याच्या पातळीवर लाल दोरा बांधला. पाणी दोऱ्याखाली गेलं की उकळून गार केलेलं गोडं पाणी घालायचं, मीठ मुळीच नाही, कारण पाणी उडतं पण मीठ उडत नाही. मधूनमधून बरणीतलं पाणी काढून कॅनमधलं समुद्राचं पाणी घालायचं. कोवळं ऊन द्यायचं, कडक ऊन झालं की भिंतीतल्या देवळीत ठेवायचं. आणि जाता जाता त्यानं भिंगातून मला आणखी एक दाखवलं. त्या जिवाच्या मानेभोवती एक बारीक रेघ होती, दोरीचा वळ उठावा तशी. "ही कशाला?" मी विचारलं. तो म्हणाला, "ठाऊक न्हाई. सरांना बी ठाऊक न्हाई. मी शोधणार हाय." एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तो शेवटचं बोलला तेही त्या पानाचंच. "ऊन चुकवू नको गं!"

संक्रांत झाली, आणि एका दुपारी त्याच्या कॉलेजातले एक सर आणि एक मित्र दादाची ट्रंक घेऊन दारात उभे राहिले. ट्रंक बघूनच आबांनी हातातली पत्रावळ खाली ठेवली. ओहोटीला खडकांवर गेला होता, म्हणाले, एकटाच. भरतीचं पाणी चढलं तरी आला नाही. खडकावर त्याच्या चपला आणि जीव गोळा करायचा डबा सापडला, तो मात्र सापडला नाही. कोळ्यांनी होड्या घालून शोधलं. ते सर बोलत होते आणि माय त्यांना सारखी एकच विचारत होती, "पर तुमी बघितलं न्हाई न्हवं? कुणीच बघितलं न्हाई न्हवं?" सर म्हणाले, नाही. माय उठली आणि चूल पेटवून त्यांच्यासाठी भाकरी टाकायला बसली. रडली नाही. मला मात्र कुणी जवळ घेईना.

त्यानंतरचे दिवस मी कुणा शत्रूलाही देणार नाही. दिवसाउजेडी सगळं जागच्या जागी, आणि तरी घरात कुणीतरी असल्यासारखं. भर दुपारी पानं सळसळायची आणि आमची तिघांची मान एकदम दाराकडे वळायची. मग एकमेकांकडे बघायचंही टाळायचं. माय रोज एक ताट जास्तीचं वाढायची. बरणीच्या काठावर मिठाचा पांढरा थर धरायचा. तो बोटानं पुसून माय जिभेला लावायची आणि म्हणायची, "असंच खारट आसंल तिथं." कॉलेजातून आलेल्या कपड्यांना जो वास होता तो ट्रंक बंद केली तरी माजघरात राहिला. ओला, खारा, आमच्या कोरड्या गावात कुठंच नसलेला वास. मी आज तुम्हाला शपथेवर सांगते, तो वास ट्रंक विकून टाकल्यावरही येत होता.

बरणी आता माझी राहिली नाही, मायची झाली. सकाळी ऊन भिंतीवरून उतरलं की ती बरणी अंगणात घेऊन बसायची, आणि ऊन सरकेल तशी सरकायची. शेवाळाचा झुबका केव्हाच संपला होता. पान थोडं आकसलं होतं, हिरव्यात पिवळी झाक आली होती, पण उन्हात ठेवलं की कडा उलगडून सपाट पसरायचं. "बघ, खाणं न्हाई पिणं न्हाई, तरी जितं हाय," ती मला म्हणायची. कुणी सांत्वनाला आलं की त्यालाही तेच दाखवायची. बायका हो हो करायच्या आणि बाहेर पडल्यावर कुजबुजायच्या.

आबांचं दुसरंच चाललं होतं. ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी आमच्याकडे पळसाच्या देठांचा माणूस करतात. देठांचे हातपाय, देठांची छाती, वरून पिठाचा लेप, आणि डोक्याच्या जागी नारळ. त्याला रीतसर अग्नी देतात, म्हणजे गेलेला सुटतो. गावात कुणाला असा विधी करायचा असला की पळस आमच्याच घरातून जायचा. आबांनी आजवर कितीतरी जणांना देठं मोजून दिली होती, आणि आता त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मायपुढं ते हात जोडून म्हणायचे, "अगं, आग लागल्याबिगर त्याला वाट घावत न्हाई. ते दारात उभं हाय, आत बी येईना आन् जाईना बी. तुला ऐकू येत न्हाई का?" आणि माय बरणीकडे बोट दाखवून म्हणायची, "हे जितं हाय तवर माझं लेकरू जितं हाय. हे मेलं की मंग तुमी काय करायचं ते करा." दोघांचंही त्याच्यावर सारखंच प्रेम, आणि त्यापायी घराचे दोन तुकडे. मी मधे. बरणी उन्हात ठेवताना मला रोज धास्ती वाटायची, आज मेलं असलं तर? आणि कधी कधी, खोटं कशाला बोलू, आज मेलंच तर बरं, असंही वाटायचं.

फाल्गुनात आबांनी न विचारताच विधी ठरवला. माजलगावची सीताआत्या आली, आबांची सख्खी बहीण. बाई कामाला वाघ, आणि रीतिरिवाजात कुणाचं ऐकणार नाही. गोदाकाठी गुरुजींना सांगून ठेवलं. माळावरचे पळस तेव्हा लालभडक फुललेले, झाडावर पान म्हणून नाही. त्यामुळे देठं घरातल्याच गठ्ठ्यातून काढावी लागली. आबा एकेका पानाचं देठ खुडत होते, आणि मला दिसत होतं की तो गठ्ठा दिवाळीतला, दादानंच काढून आणलेला. आबांनाही ते ठाऊक होतं. ते खाली मान घालून खुडत राहिले.

निघायच्या सकाळी माय बरणी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. आत कुणाला जाता येईना, बाहेर कुणाला येता येईना. आबांचा तोल गेला. "त्या किडकाच्या मरायची वाट बघत बसू व्हय मी? माझं पोरगं तिष्ठत उभं हाय!" माय म्हणाली, "तुमचं एकट्याचं हाय व्हय?" मी मधे पडायचं म्हणून बरणीवर वाकले. पानाचं डोकं तुटलं होतं. बरोबर त्या रेघेवर. हिरवं धड तळाशी एका बाजूला पडलेलं, आणि चिमुकलं मुंडकं वेगळं. "माय, ह्याचं डोस्कं..." मी म्हणाले. आबांनी बघितलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मेलं ते. आता ऊठ, माझी माय."

पण माय नुसती बघत राहिली. मीही बघत राहिले, आणि मग आम्हा दोघींना ते दिसलं. ते मुंडकं चालत होतं. दोन शिंगं वर करून, धडाबिडाची पर्वा नसल्यासारखं, काचेवरून सावकाश वर चढत होतं. आणि तळाशी ते धडही हलकेच कडा हलवत होतं. जितं म्हणायचं की मेलेलं, आणि जितं तर त्यातलं कोणतं? आबांनी डोळ्यांवर हात घेतला. आत्या "शिव शिव शिव" करत मागं सरली. मायनं मात्र बरणी माझ्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाली, "देवळीत ठिव." मग पदर खोचला आणि आमच्याबरोबर निघाली. आत्या ओरडली, "वैनी, बाया घाटावर जात न्हाईत!" माय म्हणाली, "ही जाती." आत्या घर सारवायला मागं थांबली.

गोदावरीच्या वाळूत आबांनी स्वतःच्या हातानं देठांचा माणूस मांडला. इतकी वर्षं पत्रावळी टाचलेले ते हात, पण त्या दिवशी एक गाठ नीट बसेना. पिठाचा लेप झाला, नारळ ठेवला. गुरुजींनी अग्नी पुढं करायला सांगितलं, तेवढ्यात माय गेली आणि तिनं नारळ उचलून पोटाशी धरला.

"वहिनी, असं करू नका. डोक्याशिवाय हा विधी होत न्हाई," गुरुजी म्हणाले.

"धड जाळा तुमी. धड समिंद्रानं नेलंच हाय. डोस्कं ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. चालायलंय ते अजून."

गुरुजींना काय कळणार होतं? ते आबांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता आबा तिच्या हातातून नारळ हिसकावून घेणार. आबा तिच्याकडे बघत उभे राहिले. मग गुरुजींना म्हणाले, "चालतंय. करा तसंच." आणि बिनडोक्याच्या त्या पानांच्या माणसाला त्यांनी अग्नी दिला. वाळलेली देठं ती, बघता बघता गेली. आबा तेव्हा ढसाढसा रडले, त्या दिवसांत पहिल्यांदा. माय नारळावर हात फिरवत उभी होती.

घरी आलो तर अंगण धुतलेलं, उंबरा सारवलेला. आमच्याकडे घरात मयत झालं की साठवलेलं सगळं पाणी ओतून देतात, भांडी घासून पालथी घालतात, मग नवं पाणी भरतात. आत्यानं तसंच केलं होतं. रांजण रिकामा, घागरी पालथ्या, तांबे पालथे. आणि न्हाणीच्या दगडावर, लख्ख घासलेली, बरणी पालथी.

मी मोरीकडे धावले. न्हाणीचं पाणी मागच्या आळवाच्या आळ्यात जायचं. तिथं चिखलात गुडघे टेकून मी हातांनी चाळलं, पान न् पान उलटं केलं. काही नव्हतं. गोड्या पाण्यात, चिखलात ते कुठं टिकणार! आत्या मागून कावरीबावरी होऊन सांगत होती, "सुतकाचं पाणी ठिवत न्हाईत गं पोरी. मला काय ठाव? मला वाटलं, मेलेलंच हाय." ती चुकीचं काहीच बोलत नव्हती, तेच तर वाईट. मायनं तिला चकार शब्दानं बोल लावला नाही. बरणीच्या रिकाम्या जागी, देवळीत, तिनं नारळ ठेवला आणि समोर पाठ टेकून बसली. त्या खाऱ्या पाण्यानं आळ्यातला आळू पुढं जळून गेला.

नारळ तिथंच राहिला. वर्षं गेली तसं त्यातलं पाणी आटलं, खोबरं सुटलं, दिवाळीच्या झाडलोटीत तो हलला की आत गुडगुडायचा. आबा कधी कधी तो कानाशी नेऊन हलवायचे आणि परत ठेवायचे. आत्या आली की त्याच्या पाया पडायची. आबा गेले, आत्या गेली. मी शिक्षिका झाले, लग्न झालं, गेवराईत घर झालं. मायला मी इकडे आणलं तेव्हा तिच्या पिशवीत दोन लुगडी आणि फडक्यात गुंडाळलेला नारळ. माझ्या घरात देवळी नाही. कपाटाच्या आतल्या कप्प्यात तो ठेवला, धूळ बसू नये म्हणून.

आणि आता हे. मध्यंतरी माझी नात फोन घेऊन आली. "आज्जी, हे बघ काय किळसवाणं आहे!" मी चष्मा लावून बघितलं आणि बसले ती बसलेच. तेच हिरवं पान, तीच दोन शिंगं, तीच मानेवरची रेघ. मुंडकं धड सोडून चालायला लागलं. पण तो व्हिडिओ काढणाऱ्या शास्त्रज्ञांच्या बरणीचं पाणी कुणी ओतलं नव्हतं. नात भराभर वाचून दाखवत होती. तो जीव आपण होऊन डोकं वेगळं करतो, नको झालेलं धड टाकून देतो. मुंडकं शेवाळ खातं, जखम भरते, आणि काही आठवड्यांत त्याला नवं धड फुटतं, काळजासकट. टाकलेलं धड हलत राहतं आणि शेवटी विरून जातं. हे माणसांना कळून अजून फार वर्षं झाली नाहीत म्हणे. दादाला ठाऊक नव्हतं, त्याच्या सरांना नव्हतं, दुनियेत कुणालाच नव्हतं. तेव्हा उमापुरात उंबऱ्यावर बसलेल्या एका बाईनं नुसतं बघून ते ओळखलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला वेडी ठरवलं. मला इतका राग आला की नातीनं फोन काढून घेतला.

मायला सांगावं की नाही, यात माझे काही दिवस गेले. तिला आता नीट दिसत नाही, ऐकू बऱ्यापैकी येतं, दिवसाचा बराच वेळ ती डोळे मिटून असते. इतकी जुनी खपली कशाला काढायची, असं एक मन म्हणे. दुसरं म्हणे, तिचं होतं ते तिला मिळालंच पाहिजे. शेवटी एका सकाळी तिच्या बाजेवर बसून मी सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "मंग? मी काय म्हणत हुते?" आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात तिनं विचारलं, "धड कशानं फुटतं गं त्याला?"

"खाण्यानं, माय. आणि उन्हानं."

ती उठून बसायला लागली. मी धरलं. तिचा चेहरा मी इतका घाबरलेला कधी बघितला नव्हता, सर दारात उभे होते त्या दिवशीही नाही.

"आन् मंग ह्याला आपुन इतकी वर्सं अंधारात कावून ठिवलं?"

मी कपाट उघडून नारळ काढला. आता रोज सकाळी गच्चीच्या कठड्याशी कोवळं ऊन आलं की मी तो तिथं ठेवते, ऊन सरकलं की सरकवते. शेजारच्या बायका बघतात, बघोत. ऊन कलायला लागलं की आत आणते आणि मायच्या मांडीवर देते. ती त्याच्यावरून तळहात फिरवते, मग दुसरा हात स्वतःच्या कपाळाला लावून बघते, आणि मला म्हणते, "लई तापलंय गं आज."